चाकं टेकली तरी…

विमानाची चाकं जमिनीला टेकली, की आपण सुटकेचा श्वास टाकतो ना? मैत्रिणींनो, मीही टाकला होता. तिथेच फसले.

झालं असं, मी अमेरिकेत लेकीकडे गेले होते. नोकरी सांभाळून ती छोटं विमान चालवायला शिकली, हे ठाऊक होतं. आता तिला वेड लागलं होतं पायपर कबचं. १९३८ ते १९४७ या काळात बनलेलं, कापड चढवलेलं हे पिवळं विमान. दोन मोठी चाकं पुढे आणि एक चिमुकलं शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर नाक वर, समोरचं धड दिसत नाही. एकटीनं उडवायचं तर मागच्या सीटवर बसून! अशा विमानांसाठी तिथे १९९१ पासून वेगळं शिकावं लागतं, शिक्षकाची वहीत सही लागते. ती तिनं मिळवली होती.

त्या दिवशी वारा आडवा होता. विमान अलगद टेकलं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात शेपटी बाजूला सरकली, विमानानं गर्रकन गिरकी घेतली आणि एक पंख जमिनीवर घासला. माझे तर हातपायच गळाले. लेक खाली उतरली. साधं खरचटलंही नव्हतं. एवढंच म्हणाली, "आई, टेकल्यावर माझे पाय थांबले गं."

रात्री तिनं समजावलं. पुढे चाक असलेल्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, ते आपणहून सरळ होऊ बघतं. इथे वजन चाकांच्या मागे. शेपटी जरा सरकली, की मागचं ओझं पुढे यायला धावतं. पायाखालचे पेडल थोडे थोडे दाबून ती लगेच आवरायची. उशीर झाला, की गिरकी. विमान थांबेपर्यंत उतरणं संपतच नाही.

मग तिनं एमी जॉन्सनची गोष्ट सांगितली. तिचंही विमान शेपटी टेकवून उतरणारं. १९३० साली ही इंग्रज मुलगी ५ मेला एकटी निघाली, वाटेत झाशीला उतरली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात पोचली. एवढं सगळं करून २९ मेला ब्रिस्बेनमध्ये, गर्दीसमोर उतरताना तिचं विमान मैदानाबाहेर जाऊन उलटलं. ती बचावली आणि पुढेही उडत राहिली.

"आता पुरे" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण हेच शब्द मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकले होते. मोपेडवरून पडले, गुडघा फुटला, सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे." मी परत कधी मोपेडवर बसले नाही. गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला, भीती मात्र अजून आहे.

मी ते शब्द गिळले.

तीन आठवड्यांनी ती शिक्षकांना बरोबर घेऊन पुन्हा सरावाला गेली, तेही आडव्या वाऱ्यातच. मी कुंपणाशी उभी. चाकं टेकली, मी गप्प. विमान थांबलं, पंखा बंद झाला, पंखांना दोर बांधले. मग कुठे श्वास टाकला.