टीबीच्या गोळ्या, लिव्हर आणि मेंदूपर्यंत पोचणारा अमोनिया

टीबीच्या गोळ्या सुरू असलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर जेवण जात नाही, मळमळतं, डोळे पिवळे झालेत. मग तो दिवसा झोपायला लागतो, रात्री टक्क जागा राहतो, आणि विचारतो, ‘आज वार कोणता?’ घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. पण हे अमोनियाचं काम असू शकतं.

हा अमोनिया येतो आपल्याच आतड्यातून. मोठ्या आतड्यातले जिवाणू युरिया आणि प्रथिनं फोडतात, तेव्हा तो सुटतो. लहान आतड्याच्या पेशीही ग्लुटामिन वापरताना तो तयार करतात. तुमच्या-माझ्या पोटात हे रोज चालू असतं. मग आपल्याला काही होत कसं नाही?

आमच्या शिरगावकरांना हे पटकन कळेल. बदलापूरला उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी येतं, पण नदी थेट नळाला जोडलेली नाही. मध्ये जलशुद्धीकरण केंद्र आहे. आतड्यातलं रक्तसुद्धा थेट शरीरभर जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी लिव्हरमध्ये जातं. तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो लघवीतून बाहेर पडतो. 1893 साली पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये हे रक्त लिव्हरला वळसा घालून सोडलं. मांस खाल्लं की त्या कुत्र्यांचा तोल जायचा, आकडी यायची.

विषारी ठरलेलं औषध बहुतेक वेळा आतड्यातला अमोनिया वाढवत नाही, ते शुद्धीकरण केंद्रच बंद पाडतं. टीबीच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन लिव्हरला इजा करू शकतात. बहुतेकांना ती सोसतात. पण काहींच्या लिव्हरच्या पेशी मरतात. फार पेशी गेल्या, की अमोनिया तसाच पुढे रक्तात जातो. पॅरासिटामॉलचा मोठा डोस झाला तरी शेवट असाच होऊ शकतो. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी या अमोनियाचं ग्लुटामिन करतात. ते साठतं, पाणी ओढतं आणि पेशी फुगतात. त्यातूनच गोंधळ, झोप आणि शेवटी बेशुद्धी.

गंमत बघा, रिफाम्पिसिनचाच एक भाऊबंद आहे रिफॅक्सिमिन. तो रक्तात जवळजवळ शोषला जात नाही, आतड्यातच राहून जिवाणूंना आवरतो. म्हणून सिरोसिसच्या रुग्णांना अमोनियाचा त्रास पुन्हा होऊ नये यासाठी लॅक्टुलोजसोबत तो देतात. एकाच घराण्यातली दोन औषधं, पण कुठे पोचतात यावर सगळा फरक! औषधाने अचानक लिव्हर निकामी झालं, तर मात्र एवढ्यावर भागत नाही. आयसीयू लागतं, कधी लिव्हर प्रत्यारोपणही.

म्हणून टीबीला घाबरून गोळ्या टाळू नका, त्या जीव वाचवतात. पण उलट्या, गडद लघवी किंवा पिवळे डोळे दिसले, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि बोलण्यात गोंधळ जाणवला, तर सकाळची वाट बघू नका.