खर्जाचा रंग: तार, अ‍ॅम्प की खोका?

डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६०च्या दशकात जी गाणी घडली, त्यांतल्या बऱ्याच गाण्यांच्या तळाशी जेम्स जेमरसन यांची बेस गिटार आहे. त्यांच्या १९६२च्या फेंडर प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड, गुळगुळीत तारा चढवलेल्या असत. तुटली तरच तार बदलायची, असा त्यांचा खाक्या. तारांवर घामाचा आणि मळाचा थर चढायचा, चमक पार निघून जायची. आणि जेमरसन यांना तेच हवे असायचे. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरून ते त्या तारांतून गोल, भरदार सूर काढत.

त्याच काळात लंडनमध्ये ‘द हू’ या बँडचे जॉन एंटविसल अगदी उलट गोष्टीच्या मागे होते. बेसने नुसता मागे घुमत राहू नये, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखे खणखणीत बोलावे, ही त्यांची हौस. १९६६मध्ये त्यांनी रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीकडे जाऊन आपल्याला हव्या तशा तारा बनवून घेतल्या. त्यातून ‘स्विंग बेस’ हा संच तयार झाला आणि रॉक संगीतातल्या बेसचा आवाजच बदलला.

वाद्य साधारण एकाच जातीचे, पण ऐकणाऱ्याला दोन वेगळी वाद्ये वाटावीत इतका फरक. बेस वाजवणारे आयुष्यभर ज्याच्यावर वाद घालतात तो ‘टोन’ हाच. तो बोटांतून निघतो, तारेत आकार घेतो, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो आणि स्पीकरच्या खोक्यातून, म्हणजे कॅबिनेटमधून, खोलीत येतो. या प्रवासात कुठल्या टप्प्यावर किती फरक पडतो, हे समजले की खरेदीतली निम्मी चूक टळते.

आज दिसते तशी बेस गिटार लोकांसमोर आणली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. चार तारा, तारेची ३४ इंचांची वाजती लांबी आणि सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी हे वाद्य वाजवले. पडद्यावर ते क्वचितच दिसले, तरी गाण्यांतून कानांना ओळखीचे झाले. सुरुवातीच्या काळात बेसवर गुळगुळीत तारा सर्रास असत. कारण उभ्या, मोठ्या डबल बेसची जागा घेणाऱ्या या वाद्याने त्याच्यासारखेच वाजावे, अशी अपेक्षा होती.

बेसची तार म्हणजे पोलादी गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली दुसरी तार. बाहेरची तार गोल असेल तर राउंडवाउंड. तिच्यावर बारीक खाचा असतात. सूर झगझगीत येतो, आस लांब राहते आणि बोट सरकवले की खरखर ऐकू येते. बाहेरून चपटी पट्टी गुंडाळली असेल तर फ्लॅटवाउंड. ती हाताला रेशमासारखी लागते, सुराची सुरुवात मऊ होते आणि वरचे उपस्वर लवकर विरतात. गोल तार गुंडाळून मग घासून सपाट केलेल्या तारा या दोन्हींच्या मधल्या. काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा डबल बेसच्या सर्वांत जवळ जातात. धातूचाही वाटा असतो: स्टेनलेस स्टील सर्वांत तीक्ष्ण, निकेलचा मुलामा दिलेले पोलाद मधले, शुद्ध निकेल अधिक उबदार.

पण एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. ‘आयर्न मेडन’ या बँडचे स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंड तारा वाजवतात आणि त्यांचा बेस घोड्याच्या टापांसारखा कडकडतो, कारण ते तार इतक्या जोराने छेडतात की ती गळ्यावरच्या पडद्यांवर आपटते. दुसरीकडे जेको पास्टोरियस यांनी पडदे नसलेल्या फेंडर जॅझ बेसवर राउंडवाउंड तारा चढवल्या. त्या तारा लाकूड खातात म्हणून त्यांनी गळ्यावर इपॉक्सीचा कडक थर दिला, आणि त्यातून तो गाता, नाकात बोलल्यासारखा सूर निघाला. त्यांच्या नावाचा पहिला अल्बम १९७६मध्ये आला, तेव्हा बेसवादकांची एक पिढी थक्क झाली होती.

तारेचे वयही ऐकू येते. राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि मळ बसला की वरचे उपस्वर दबतात, काही काळाने तार नीट सुरात लागेनाशी होते. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काही जण जुन्या तारा पाण्यात उकळून त्यांत जीव आणतात, पण तो फार टिकत नाही. फ्लॅटवाउंड मात्र मुरल्यावरच खरी रंगात येते आणि वर्षानुवर्षे चालते. जाडीचे पाहायचे तर बाजारातला नेहमीचा संच ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा असतो. जेमरसन यांचा ०.०५२ ते ०.११० होता. जाड तारेला बोटांत ताकद लागते. जाडी बदलली की गळ्यावरचा ताण बदलतो, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे गळ्याचा बाक सांभाळणारी आतली सळई, आणि तारांची उंची पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

आता अ‍ॅम्पकडे. फेंडरने १९५२मध्ये ‘बेसमन’ हा अ‍ॅम्प खास बेससाठी काढला. पुढे दहा इंची चार स्पीकर घेऊन आलेले त्याचे रूप गिटारवाल्यांनीच पळवले, कारण आवाज वाढवला की तो सुरेख फाटायचा. लंडनमध्ये जिम मार्शल यांचा पहिला अ‍ॅम्पही त्याच्याच नकाशावर बांधला गेला. बेसवाल्यांना मात्र न फाटणारा आवाज हवा होता. अ‍ॅम्पेग कंपनीने १९६०मध्ये आणलेला ‘बी-१५’ त्यांच्या पसंतीस उतरला: मागून बंद खोके, पंधरा इंची एक स्पीकर आणि २५ वॉटच्या आसपासची ताकद. क्लबांत जेमरसन हाच वापरत. स्टुडिओत मात्र मोटाउनचे अभियंते बेसची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेला जोडत. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक आजही महागडे अ‍ॅम्प शोधतात, त्या आवाजात बऱ्याचदा अ‍ॅम्प नव्हताच. होती ती बोटे, तारा आणि वाद्य.

मैदाने मोठी झाली तशी २५ वॉटची ताकद तोकडी पडली. १९६९मध्ये अ‍ॅम्पेगने ‘एसव्हीटी’ काढला: ३०० वॉट, चौदा व्हॅक्यूम ट्यूब, नुसत्या हेडचे, म्हणजे स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पचे, वजन जवळपास ३८ किलो. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर तो वाजला. ट्यूबचा अ‍ॅम्प ताणला की आवाज हळूहळू दाटतो, कडा गोल होतात. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश फाटतो. आज ‘क्लास डी’ तंत्राचे ५०० वॉटचे हेड दोन-तीन किलोंत मिळते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते.

मात्र वॉटचा आकडा फसवा आहे. ताकद दुप्पट केली, म्हणजे ३०० वॉटच्या जागी ६०० वॉट आणले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. उलट ९७ऐवजी १०० डेसिबल संवेदनक्षमतेचे कॅबिनेट घेतले, तर ३ डेसिबलचा तोच लाभ अ‍ॅम्प न बदलता होतो.

म्हणूनच खोक्याला कमी लेखू नये. एसव्हीटीच्या जोडीला आलेल्या कॅबिनेटमध्ये दहा इंची आठ स्पीकर बंद कप्प्यांत बसवलेले होते. वादकांनी त्याचे नाव ‘फ्रिज’ ठेवले. गंमत अशी, की एवढे मोठे खोकेही ४१ हर्ट्झचा मूळ स्वर पूर्ण जोराने देत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण ८२, १२३ हर्ट्झचे उपस्वर कानी आले की मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. बेसचा ठोसा जाणवतो तोही बराचसा या उपस्वरांतून.

‘पंधरा इंची स्पीकर खोल, दहा इंची चपळ’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१पासून आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या गणितानुसार खालचा आवाज स्पीकरचे गुणधर्म, खोक्याचे आकारमान आणि खोके बंद आहे की भोक ठेवलेले, यांच्या मेळातून ठरतो. नीट बांधलेले दहा इंचीचे खोके ढिसाळ पंधरा इंचीपेक्षा खोल वाजू शकते. खोक्यात ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, असेल तर नव्या राउंडवाउंडचा टणत्कार उठून दिसतो. फ्लॅटवाउंड वाजवणाऱ्याला तो बंद ठेवला तरी चालतो.

जोडणी करताना ओहमचा, म्हणजे विद्युत अवरोधाचा, आकडा पाहणे अत्यावश्यक. आठ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार चार ओहम होतो. चार ओहमची दोन जोडली की दोन. अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली गेलात तर तो जळू शकतो. ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच जाड केबल वापरावी, गिटारची नव्हे.

पैसे बेताचे असतील तर क्रम सरळ आहे. आधी तारा बदला आणि वाद्य नीट जुळवून घ्या; सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. मग चांगले कॅबिनेट घ्या. अ‍ॅम्पचा नंबर शेवटी. दुकानात जाताना स्वतःची बेस गिटार बरोबर न्या, अ‍ॅम्पची सगळी बटणे मध्यावर ठेवा आणि शक्य असेल तर ड्रम वाजत असताना ऐका. एकट्याने वाजवताना गोड वाटणारा आवाज पूर्ण बँडमध्ये अनेकदा बुडून जातो.