नळगंगाकाठची रानबदके

मलकापुरातून वाहणाऱ्या नळगंगेवर, वरच्या अंगास मोताळा तालुक्यात जे धरण आहे, त्याच्या जलाशयापासून थेट पूर्णा-तापी संगमाजवळील हतनूरच्या पाणथळापर्यंत, हिवाळ्यात उतरणाऱ्या प्रत्येक जातीच्या रानबदकाचे निदान एक निर्दोष छायाचित्र आपल्या दप्तरी दाखल असावे, असा संकल्प मी काही हंगामांपूर्वी सोडला.

ऑक्टोबरात येणारे नर बहुधा मादीसारखाच मळकट पिसारा धारण करून येतात, म्हणून चित्रासाठी जानेवारी उत्तम. परंतु ओळखीचा खरा दाखला पंखावरील रंगपट्ट्यात असल्यामुळे, आणि तो उड्डाणातच पूर्ण उलगडत असल्यामुळे, शटरचा वेग सेकंदाच्या १/२००० भागाइतका ठेवून, पक्षी स्वेच्छेने उडेपर्यंत काठावर पालथे पडून राहावे लागते. थापट्याच्या पंखावरची फिकट निळाई अशीच क्षणमात्र दिसते.

माझे मन मात्र बारमाही वस्तीच्या हळदीकुंकू बदकावर अधिक जडले आहे: काळ्या चोचीच्या टोकास हळद, मुळाशी दोन्ही अंगांस कुंकवाचे ठिपके! हे नाव ज्या अनामिकाने ठेवले, त्याच्या दृष्टीला माझा नमस्कार असो.

संस्कृत कवींनी विरहाचे प्रतीक मानलेला चक्रवाक लडाख-तिबेटकडील वीणभूमी सोडून इकडे येतो, पण तो फार सावध. माणसाची चाहूल लागताच ओरडून सारा जलाशय जागा करतो. त्याचे मनाजोगे चित्र अद्याप साधलेले नाही. येत्या पौषात सूर्य पाठीशी राहील अशा बेताने पूर्वेच्या काठावर उजाडण्यापूर्वीच जाऊन बसणार आहे.