टाकणखार आणि घराचे वासे

सोनाराच्या शेगडीशेजारच्या डबीत, वैद्याच्या दुकानातील काचेच्या बरणीत आणि लेकराचे तोंड आले म्हणजे जिच्यातील खाराची लाही करून आजी ती मधात कालवीत असे त्या फडताळातील पुडीत, अशा तीन ठिकाणी एकाच वेळी नांदणारा टाकणखार हा आपल्या घरोघरीचा इतका जुना परिचित आहे की, पुढेमागे घराच्या तुळया आणि वासे यांच्या रक्षणाची कामगिरीही त्याच्याकडे सोपविली जाईल असे कोणी सांगितले असते, तर त्या आजीने ती गोष्ट थट्टेवारीच नेली असती. संस्कृतातील टंकण तो हाच. लडाखमधील पुगा खोऱ्याच्या उष्ण झऱ्यांकाठी आणि तिबेटातील खाऱ्या सरोवरांच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्यासारखा साचणारा हा जिन्नस शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरील लहान लहान थैल्यांतून हिमालयाचे घाट उतरत असे आणि पुढे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपच्या बाजारात जाऊन बसत असे. आता तो मुख्यतः तुर्कस्तान व अमेरिका येथील खाणींतून निघतो आणि आपल्याकडे परदेशातून येतो. काळाचा महिमा, दुसरे काय!

लाकडाचे शत्रू पाहू गेल्यास दोनच. एक बुरशी आणि दुसरे कीटक. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या वर जाऊन तेथेच मुक्काम करू लागला की, बुरशीचे तंतू त्याच्या पेशींत शिरून त्यांच्या भिंती पचवू लागतात आणि जे लाकूड आपण कुजले म्हणतो ते वास्तविक खाल्ले गेलेले असते. कीटकांतील वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधीत उजेड टाळून येते. घुण मात्र आधीपासूनच आत बसलेला असतो. आमच्या घरी आंब्याच्या लाकडाचा एक दिवाण होता. त्याच्याखाली रोज सकाळी पिवळसर पिठीची चिमूटभर रांगोळी पडलेली असे, आणि केरसुणीने ती झाडून टाकण्यापलीकडे आम्ही काहीही केले नाही. तीन पावसाळ्यांनंतर त्या दिवाणाचा पाय हातात आला. किड्याने कोरलेल्या रेषांतून यदृच्छेने अक्षर उमटावे, या दृष्टान्तावर आपल्या पूर्वजांनी घुणाक्षरन्याय रचला खरा, परंतु माझ्या दिवाणाच्या पायात मला तरी एकही अक्षर वाचता आले नाही.

हा घुण बहुधा लाकडाच्या गाभ्याला न शिवता सालीलगतच्या पांढऱ्या भागाला लागतो, याचे कारण असे की, झाडाने साठविलेला पिष्टमय अंश त्या भागात असतो आणि किड्याची अळी त्यावर जगते. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच कीटकांना न मानवणारी द्रव्ये असल्यामुळे जुन्या वाड्यांचे खांब दोन-दोनशे वर्षे टिकले. पण सागाचाही पांढरा भाग आंब्याच्या लाकडाइतकाच निराधार असतो, हे सुतार जाणतो आणि गिऱ्हाईक विसरते. बांबू तोडून तो काही आठवडे वाहत्या पाण्यात दडपून ठेवण्याची आपल्याकडील रीत याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या पाण्यात बांबूतील साखर व पिष्ट बव्हंशी झिरपून जाते आणि पुढे आलेल्या किड्याला ताट रिकामे सापडते.

औद्योगिक युगाने या घरगुती उपायांच्या जागी अधिक जहाल औषधे आणली. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना दगडी कोळशापासून काढलेले काळे तेल पाजण्यात येऊ लागले. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी १९३० नंतरच्या दशकात तांबे, क्रोम आणि सोमल यांचे असे मिश्रण सिद्ध केले की, ते लाकडाच्या तंतूंना कायमचे चिकटून बसे. तारायंत्राच्या व विजेच्या खांबांच्या रूपाने ही भारतीय युक्ती जगभर उभी राहिली. तथापि सोमल तो सोमलच. ज्या फळीवर मूल खेळते आणि ज्या चौकटीला आपण रोज हात लावतो तेथे तो नको, अशी भावना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावली, आणि तेव्हा संशोधकांची दृष्टी पुन्हा आपल्या जुन्या परिचिताकडे वळली.

टाकणखार आणि त्याचेच भावंड असलेले बोरिक आम्ल, म्हणजे कॅरमच्या फळीवर भुरभुरविण्याची ती गुळगुळीत भुकटी, यांची मारण्याची तऱ्हा मोठी संथ आहे. अंगाला लागताच किडा उलटा पडावा, असे येथे घडत नाही. या दोहोंतील बोरॉन हे मूलद्रव्य पेशीतील पचनाच्या व ऊर्जेच्या रासायनिक व्यवहारात अडथळा आणते, त्यामुळे बुरशीला खाल्लेले अंगी लागत नाही आणि कीटक सावकाश क्षीण होतो. काही जातींच्या वाळवीच्या आतड्यांत राहणारे सूक्ष्म जीव तिच्यासाठी लाकूड पचवून देतात. हे सेवक या खाराने मेले म्हणजे ती पोटभर खाऊनही उपाशी मरते. आपल्याकडील वारूळ उभारणाऱ्या वाळवीच्या पोटात असे सेवक नसतात, ती वारुळात बुरशीचीच शेती करते; पण तिलाही बोरॉन मानवत नाही.

या औषधाचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या विषात नसून त्याच्या विद्राव्यतेत आहे. बोरिक आम्ल किंवा टाकणखार एकेकटा थंड पाण्यात शंभराला पाचाच्या आसपास विरघळतो. दोघे एकत्र आले म्हणजे त्यांचे मिळून नवे संयुग बनते आणि तेच पाणी कितीतरी अधिक खार सामावून घेते. नुकत्याच कापलेल्या ओल्या फळ्या अशा दाट, गरम द्रावणात बुडवून काढाव्यात, एकमेकींना चिकटवून त्यांची थप्पी रचावी, ती ताडपत्रीने घट्ट झाकावी आणि काही आठवडे तिकडे पाहूही नये. तेवढ्या मुदतीत वरचा खार फळीतल्याच ओलाव्याचा हात धरून आतल्या आत पसरत गाभ्यापर्यंत जातो. एरवी सुतार ज्या ओल्या लाकडाला नाके मुरडतो तेच येथे उपयोगी पडते, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. बांबूसाठी कारागीर लांब सळईने आतली पेरे फोडतात आणि १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक आम्ल व ३ किलो टाकणखार या प्रमाणाच्या हौदात तो आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवतात. चीक आटलेल्या रबराच्या झाडाचे पांढरे लाकूड पूर्वी सरपणाखेरीज फारशा कामाचे नव्हते. केरळात आज त्याच्या खुर्च्या-मेजे होतात, त्याचे श्रेय पुष्कळसे याच खाराला आहे.

परंतु जो पाण्याबरोबर आत गेला तो पाण्याबरोबर बाहेरही येणार. बोरॉन लाकडाच्या तंतूंना चिकटत नाही. पावसात उभ्या असलेल्या कुंपणाच्या खांबातून किंवा जमिनीत पुरलेल्या मेढीतून तो हळूहळू धुपून जातो, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या धारेखाली तर त्याची गतच विचारू नये. म्हणून त्याची जागा छपराखाली. वासे, तक्तपोशी, दारांच्या चौकटी, कपाटे, पलंग, ही त्याची हद्द. ती ओलांडायची तर वरून रंगाचा किंवा तेलाचा लेप देऊन त्याची सतत निगा राखण्याची तयारी हवी. वैद्य औषधाबरोबर पथ्य सांगतो, तसे या औषधाचे पथ्य म्हणजे कोरडेपणा होय.

या बाबतीत न्यूझीलंडचा अनुभव मोठा बोधप्रद आहे. तेथील घरांचे सांगाडे पाइनच्या लाकडाचे, आणि १९५० नंतरच्या दशकापासून ते लाकूड बोरॉनने संस्कारित करण्याचा प्रघात तेथे रुजला होता. १९९० नंतर, भट्टीत वाळविलेल्या लाकडाला औषधाची गरज काय, असा युक्तिवाद मान्य होऊन ही सक्ती सैल झाली. नेमक्या त्याच काळात वळचण न सोडणारी सपाट भिंतींची घरे बांधण्याची टूम निघाली. पाणी भिंतींत शिरले, बाहेर पडायला वाट सापडेना, आणि हजारो घरांचे सांगाडे आतल्या आत कुजले. २००४ मध्ये तेथील सरकारला औषधी लाकडाचा नियम पुन्हा लागू करावा लागला. दोष एकट्या लाकडाचा नव्हता आणि एकट्या छपराचाही नव्हता; तेथील जमाखर्च अजून मिटलेला नाही. आता तेथे असे लाकूड गुलाबी रंगवितात, म्हणजे पाहताक्षणी ओळख पटावी.

जुन्या वाड्याच्या मालकांनी याहून एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी. वाळून खडखडीत झालेल्या तुळईवर हा खार कुंचल्याने लावला, तर तो वरच राहतो; आत नेणारा ओलावाच तेथे नसतो. तेथे बारीक भोके पाडून दाट द्रावण भरणे किंवा बोरॉनच्या कांड्या ठोकून बसविणे, असे उपाय करतात, आणि गळके कौल आधी बदलतात. खार सौम्य म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. तो पोटात मोठ्या प्रमाणात गेल्यास अपाय होतो, युरोपीय संघाने बोरिक आम्लाला प्रजननास घातक पदार्थांच्या यादीत घातले आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि हौदाजवळ मुलेबाळे व गुरे फिरकू देऊ नयेत.

खार गाभ्यापर्यंत पोचला की नाही, हे ओळखण्याची रीत तर आपल्या देवघरातून उचललेली वाटते. पूर्वी हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखार व तुरटीबरोबर मुरवून घरोघर कुंकू करीत. हळदीचा पिवळा रंग बोरॉन आणि आंबटपणा भेटताच लाल होतो, एवढेच त्यातले रहस्य. लाकडाच्या वखारीत तपासनीस फळीचे टोक करवतीने कापून त्या ताज्या छेदावर मद्यार्कात काढलेला हळदीचा अर्क लावतो, तो सुकला की आम्लाचा हात फिरवितो आणि थोडा वेळ थांबतो. कडेकडेने कुंकवाचा रंग उमटत जातो. मध्यभागी बोटभर पिवळा ठिपका उरला, तर तो थप्पी पुन्हा झाकायला सांगतो आणि पुढच्या पंधरवड्याची तारीख वहीत टिपून ठेवतो.