नवव्या नंबराची गोष्ट

आमच्या राजापेठेत एखादं पोरगं परीक्षेला बसलं की ती परीक्षा एकट्या त्याच्या घराची राहत नाही. समोरच्या किराणावाल्यापासून पेपर टाकणाऱ्या मुलापर्यंत सगळे विचारतात, ‘काय म्हणते परीक्षा?’ सध्या हा मान माझ्या भाच्याच्या मुलाला मिळतो आहे. स्वारीला हवाई दलात वैमानिक व्हायचं आहे. लेखी परीक्षा पार पडली, निवड मंडळाचं बोलावणं आलं, आणि आता घरात एकाच नावाचा जप चालला आहे : सीपीएसएस.

परवा संध्याकाळी तो माझ्याकडे आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, ‘आजोबा, बाबाले त्यांच्या टेस्टचं विचारलं तं ते विषयच बदलून टाकतात. तुम्ही सांगा नं, काय झालं होतं?’

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. १९९० च्या सुमारास त्याच्या बापाला आणायला बडनेरा स्टेशनवर मीच गेलो होतो. तेव्हा मी बँकेत नवा अधिकारी होतो. भाचा गाडीतून उतरला, ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाला, ‘मामा, बाकी सारं झालं. मशीनवर बसलो अन् माहा नंबर नाही वाचला.’ त्यानंतर तो त्या विषयावर आजतागायत बोललेला नाही.

ते मशीन म्हणजे पीएबीटी, म्हणजेच वैमानिकाचा कल तपासणारी चाचणी. तिचे तीन भाग होते. पहिला कागदावरचा : विमानातल्या घड्याळांसारख्या तबकड्यांची चित्रं पाहून विमान चढतं आहे की उतरतं आहे, कुठे वळतं आहे, ते ओळखायचं. दुसऱ्यात हातात दांडा, पायाखाली पट्ट्या आणि समोर पळणारा प्रकाशाचा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा आणि मध्येच दिवा लागला की तो विझवायचाही. तिसऱ्यात सरकत येणाऱ्या नागमोडी ठिपक्यांवर हाताने नेम साधत जायचं. यंत्रांचं हे घराणं मूळचं ब्रिटिश हवाई दलाचं. आणि नियम असा, की ही चाचणी आयुष्यात एकदाच. एकदा नापास झालात की हवाई दलाच्या वैमानिक शाखेचं दार कायमचं बंद.

वाचकहो, माझं सारं आयुष्य आकड्यांत गेलं, त्यामुळे या आकड्याचा जन्म कसा झाला याचं मला कुतूहल होतं. पहिल्या महायुद्धात विलायतेत उमेदवाराला विचारत, ‘घोड्यावर बसता येतं का?’ फ्रान्समध्ये त्याच्याजवळ पिस्तुलाचा बार काढून त्याचा हात किती थरथरतो ते मोजत. थोडक्यात काय, माणूस पाहून अंदाज. आमच्या बँकेतही जुने मॅनेजर असंच कर्ज देत. ‘माणूस बरा वाटतो’ हाच शेरा आणि हाच तारण!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हजारोंनी वैमानिक हवे होते. तेव्हा जॉन फ्लॅनगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९४१ पासून या अंदाजाचं गणित मांडलं गेलं. डझनावारी चाचण्यांचे गुण एकत्र करून प्रत्येक तरुणाला १ ते ९ मधला एकच आकडा द्यायचा. एकच अशासाठी, की तो छिद्रांच्या कार्डावर एका रकान्यात मावावा. १ म्हणजे तळ, ९ म्हणजे शिखर. पुढे त्यांनी एक धाडस केलं. हजाराहून अधिक तरुणांना, गुण कितीही असोत, प्रशिक्षणाला पाठवून दिलं आणि आपला आकडा खरा ठरतो का ते तपासलं. आकड्याने वर्तवलेलं भविष्य प्रत्यक्षाशी ताडून पाहणं, हा या साऱ्या इतिहासातला मोठा बदल.

तो आकडा बऱ्याच अंशी खरा ठरला. त्या काळातल्या नोंदी सांगतात, की प्राथमिक उड्डाण प्रशिक्षणात ९ गुणवाल्यांपैकी शंभरात अवघे ४ गळाले, तर १ गुणवाल्यांपैकी ७७. पण मी बँकेतला माणूस, मी खात्याची दुसरी बाजूही पाहतो. ७७ गळाले म्हणजे २३ टिकले! तळाच्या आकड्याचे ते २३ जण विमान उडवायला शिकलेच की. एरवी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं, आणि आपण चुकलो हे कोणाला कधी कळलंही नसतं.

माझ्याही हातून असा एक तेविसातला सुटला. बँकेत गुणांचा तक्ता आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वशिला चालणार नव्हता. त्या तक्त्यात राजापेठेतल्या एका बांगडीवाल्याला दोन गुण कमी पडले आणि मी अर्ज परत केला. त्याने मेहुण्याकडून पैसे उभे केले. आज त्याची तीन दुकानं आहेत. मला पाहून तो अजून प्रेमाने नमस्कार करतो, आणि मला मात्र ते दोन गुण आठवतात. तक्ता चूक नव्हता. शंभर अर्जांत तो माझ्यापेक्षा नक्कीच शहाणा होता. पण समोरचा माणूस शंभर नसतो, एक असतो.

आपल्याकडे २०१४ मध्ये जुन्या यंत्रांची जागा सीपीएसएस या संगणकीय पद्धतीने घेतली. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या दिल्लीतल्या मानसशास्त्र संस्थेने आणि बंगळूरच्या वैमानिकी संस्थेने मिळून ती घडवली. आता हाताची सफाईच नव्हे, तर स्मरण, लक्ष, एकाच वेळी दोन-तीन कामं सांभाळणं हेही तपासलं जातं. या पद्धतीची मूळ कल्पना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांची. कलाम तरुणपणी डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी गेले होते. उमेदवार २५, जागा ८, आणि त्यांचा नंबर नववा. ज्या माणसाला एका नंबराने आभाळ नाकारलं, त्यानेच पुढे वैमानिक निवडीच्या अधिक नेमक्या मोजपट्टीचा विचार करावा, यात मला फार मोठं मन दिसतं.

संधी मात्र आजही एकदाच. कारण उघड आहे. सरावाने असे गुण वाढतात, आणि मग मोजायचा तो कल बाजूला राहून शिकवणीच मोजली जाते. अमेरिकेत उलट चाल आहे. तिथे ठरावीक अवधीनंतर चाचणी पुन्हा देता येते, आणि १९९३ पासूनच्या १ ते ९९ गुणांच्या पद्धतीत खासगी विमान उडवल्याचे तासही धरतात. पण ते तास विकत घ्यावे लागतात! बापाच्या खिशाला गुण मिळू लागले, हे त्यांच्याही ध्यानात आलं. आधी दोनशेच्या वर तासांपर्यंत वाढत जाणारा हा फायदा २०२० च्या सुमारास साधारण साठ तासांवर थांबवला गेला. वऱ्हाडातल्या कापूसवाल्याच्या पोराला यातली कोणती पद्धत न्यायाची? एकदाच, पण सर्वांना सारखी. की पुन्हा पुन्हा, पण पैशाच्या जोरावर? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे बाबा त्या तेविसातले असतीन?’

‘असतील किंवा नसतील,’ मी म्हणालो. ‘ते त्या यंत्रालाही ठाऊक नव्हतं. त्याला एकच प्रश्न विचारला होता, हा पोरगा विमान शिकताना टिकेल का? बाप म्हणून कसा निघेल, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.’

तो काही बोलला नाही. जाताना फाटकाशी थांबला. ‘आजोबा, येत्या मंगळवारी निघतो. बाबा म्हणतात, बडनेऱ्यापर्यंत मीच येतो सोडाले.’

तीस-पस्तीस वर्षांनी भाचा पुन्हा त्या फलाटावर उभा राहणार आहे. मी त्याला म्हटलं आहे, नंबर वाचला जावो न जावो, आणायलाही तूच जा.