प्रतिजैविके : गुण आणि दोष

हुबळीच्या दुर्गदबैलात बाजारहाट उरकावा, परतताना औषधाच्या दुकानाशी थांबावे आणि ‘मागचीच गोळी द्या’ म्हणावे, ही सवय पुष्कळ घरांत रुजली आहे. ताप असो वा घसा, गोळी एकच! परंतु ‘अँटिबायोटिक’ हे काही एका औषधाचे नाव नव्हे. प्रतिजैविकांची अनेक कुळे आहेत आणि प्रत्येकाचा गुण वेगळा, तसा दोषही वेगळा.

पहिला मान पेनिसिलिनचा. १९२८ साली फ्लेमिंग यांना ते गवसले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पुढच्याच वर्षी ते तयार करण्यास आरंभ केला. याच कुळातील अमॉक्सिसिलिन घसा व कान यांच्या जंतुविकारांवर गुणकारी आहे. मात्र काहींच्या अंगावर त्याने पित्त उठते; क्वचित श्वास कोंडून प्राणावर बेतते. विषमज्वरात दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन औषधे पेनिसिलिनचीच भावंडे. म्हणून ज्यांना पेनिसिलिन मानवत नाही, त्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

अझिथ्रोमायसिनने पोट बिघडते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी विशेष जपावे. टेट्रासायक्लिनने लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. गर्भवतींनाही ते देत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनने, विशेषतः वृद्धांच्या, टाचेमागची शीर दुखावण्याचा संभव असतो. दुधाबरोबर घेतल्यास ते अंगी कमी लागते. जेंटामायसिनचे इंजेक्शन कान व मूत्रपिंड यांना अपाय करू शकते.

सर्दी-पडसे हा विषाणूंचा विकार. तेथे ही सारी कुळे निरुपयोगी! अकारण घेतलेल्या गोळीने रोग हटत नाही, जंतू मात्र निर्ढावतात. असा जंतू उद्या घरातील तान्ह्या बाळाला गाठेल, तेव्हा हाताशी कोणते औषध उरेल?

पाकिटावरील तांबडी रेघ हाच इशारा देते. २०१४ पासून काही प्रतिजैविके विकताना डॉक्टरांचे व रोग्याचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर रागावू नये. तो आपलेच हित पाहतो.

गृहिणींनी एवढे करावे : कोणाला कोणते औषध मानवत नाही, ते वहीत लिहून ठेवावे. उरलेली गोळी शेजारी देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस स्वतःच्या मनाने कमी-अधिक करू नयेत. पण पित्त उठले वा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता तत्काळ दवाखाना गाठावा.