मन्याड खोऱ्याचा विरोधी आवाज

मार्च १९७७ ची लोकसभा निवडणूक डोळ्यांदेखत पाहिलेली माणसं आता गावोगाव मोजकीच उरली आहेत. शंकरराव चव्हाण तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री, म्हणजे नांदेड हा थेट मुख्यमंत्र्यांचा जिल्हा. त्याच नांदेडातून शेतकरी कामगार पक्षाचे भाई केशवराव धोंडगे खासदार झाले. शेजारच्या लातूर मतदारसंघातून त्याच पक्षाचे भाई उद्धवराव पाटील निवडून आले, अन् परभणीही शेकापनेच घेतली. राज्यातल्या ४८ जागांपैकी शेकापला मिळाल्या ५, त्यातल्या तीन आपल्या मराठवाड्यातल्या! लातूर तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८२ ला झाला. आणीबाणीचा राग होता, जनता पक्षाशी समझोता होता, हे सगळं खरं. पण नुसत्या रागावर मतं पडत नसतात. ज्याला मत द्यायचं तो माणूस आधी गावात दिसावा लागतो. भाई तीस वर्षं दिसत होते.

कंधार तालुक्यातल्या गऊळ गावी १९२२ साली त्यांचा जन्म झाला. मुलूख निजामाचा, सरकारी कारभार उर्दूतला, अन् शाळा म्हणाल तर चार-दोन मोठ्या गावांत. कुणब्याच्या पोरानं गुरं वळायची, थोरला झाला की औत धरायचं, एवढाच रिवाज. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तरुण केशवराव उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, आणि पुष्कळांना वाटलं, झालं आता काम. भाईंना तसं वाटलं नाही. निजाम गेला तरी सावकार गावातच होता, कुळाच्या नावावर जमीन नव्हती अन् पोराच्या हातात पाटी नव्हती.

म्हणून त्यांनी आधी शाळा काढली. संस्थेचं नावच बघा : श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. 'मोफत' हा शब्द नावातच घातला, म्हणजे पुढे कुणाला फी मागायची सोय राहू नये! त्या काळी कॉलेज शिकायचं तर नांदेड गाठावं लागे. तिथलं पीपल्स कॉलेजसुद्धा १९५० चं. खेड्यातल्या किती बापांना ते परवडणार? पुढे कंधारातच शाळा झाल्या, कॉलेज झालं, कायद्याचं कॉलेजही झालं. मन्याड नदीच्या खोऱ्यातले कितीतरी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, वकील या वर्गांतून बाहेर पडले. हे पान वाचणाऱ्यांतही त्यातले काही असतील.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत भाई विधानसभेत पोचले. विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे नव्हतं. १९६२ ते १९७२ ते शेकापच्याच कृष्णराव धुळूपांकडे होतं. पण विरोधी बाकावर बसून काय करता येतं, हे मराठवाड्याला दाखवलं ते भाईंनी. तिरकस बोलणं, गावरान म्हणी, शब्दांवर कोट्या. मंत्रीसुद्धा हसत हसत सापडायचे. मात्र त्यांना नुसता विनोदी वक्ता समजणं चूक आहे. खरं काम होतं प्रश्न विचारण्याचं.

अधिवेशन लागलं की तहसीलात एलएक्यूची धावपळ कशी उडते, हे आमच्या महसुली बांधवांना सांगायला नको. आमदार तारांकित प्रश्न टाकतो. मंत्रालयातून तो कलेक्टर कचेरीत येतो, तिथून तहसीलला, तहसीलातून तलाठ्याकडे. वर्षभर धूळ खात पडलेली फाईल दोन दिवसांत साहेबांच्या टेबलावर येते. लक्षवेधी लागली तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून बोलावंच लागतं. सत्ता नसलेल्या तालुक्याला एवढंच हत्यार असतं, आणि भाईंनी ते शेवटपर्यंत धारदार ठेवलं. सभागृहाबाहेर 'जय क्रांती' हे त्यांचं साप्ताहिक होतंच.

आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला. तिथून सुटल्यावर ते थेट लोकसभेत गेले. १९८० ला वारं फिरलं. नांदेड शंकररावांकडे आणि लातूर शिवराज पाटलांकडे गेलं. भाई मात्र १९८५ आणि १९९० ला कंधारातून पुन्हा आमदार झाले. एकाच जिल्ह्यात धरणं बांधणारा एक नेता आणि त्याला जाब विचारणारा दुसरा, अशी जोडी होती ती. नांदेडचं त्यात नुकसान झालं असं म्हणवत नाही.

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. भाई मोठे झाले, पक्ष त्या मानानं वाढला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मराठवाड्यातली तरणी पोरं शिवसेनेकडे वळली. कूळकायदा अन् सावकारी ही बापाच्या पिढीची दुखणी होती. पोरांना नोकरी पाहिजे होती. त्यांना काय सांगायचं, याचं उत्तर शेकापजवळ नव्हतं. १९९५ नंतर भाई सभागृहात दिसले नाहीत. त्यांच्यामागे प्रश्न विचारणाऱ्यांची दुसरी फळी खोऱ्यात उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही, आणि त्याचा दोष थोडा त्यांच्याकडेही जातो.

निवडणुका संपल्या तरी भाई घरात बसले नाहीत. कंधारजवळ त्यांनी गुराखीगड उभा केला आणि गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. शहरातल्या साहित्यिकांनी नाकं मुरडली असतील, मुरडोत! ज्याच्या हातात काठी अन् पाठीशी घोंगडं, त्याला मंचावर बसवून 'तू सांग, आम्ही ऐकतो' म्हणणारं हे संमेलन. शाळेत पोचलेल्यांसाठी संस्था झाली होती, हे राहून गेलेल्यांसाठी होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये वयाची शंभरी गाठलेल्या भाईंचा विधिमंडळानं गौरव केला. ज्या सरकारांना त्यांनी आयुष्यभर बोचकारे काढले, त्याच सरकारच्या मंत्र्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चार-पाच महिन्यांतच, १ जानेवारी २०२३ ला, तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांनी देह ठेवला. गुराखीगड कंधारात आहे. संस्थेच्या पाटीवर 'मोफत' हा शब्दही अजून आहे.